गुन्ह्यातील पीडितांना पहिल्या महिन्यातच मानसिक आधार मिळावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील कोयत्याचे हल्ले, रात्रीची वाहनांची तोडफोड, पहाटे फिरायला निघालेल्या महिलांची सोनसाखळी हिसकावणे, लुटीसाठी केलेली मारहाण यांच्या बातम्या आपल्या दैनिकात जवळजवळ रोज असतात. आरोपी किती, त्यांच्यावर पूर्वीचे गुन्हे कोणते, मोक्का लागला की नाही, शोधासाठी किती पथके रवाना झाली, हे सगळे तपशील त्यांत मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या वाट्याला मात्र बहुधा एकच वाक्य येते: जखमीवर रुग्णालयात उपचार सुरू आहेत. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी दीर्घकाळ काम केले आणि त्या वाक्यानंतर त्या माणसाचे काय होते, हे मला जवळून पाहायला मिळाले. शरीरावर उपचार होतात. मनावरच्या उपचारांची जबाबदारी बहुसंख्य पीडितांच्या बाबतीत कोणावरच टाकलेली नाही. ती टाकावी, आणि गुन्हा घडल्यापासून महिन्याभराच्या आत तिची अंमलबजावणी व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र नेहमीच्या मानाने लांबले आहे, परंतु विषय चार ओळींत मावणारा नाही.

एका तरुणाचे उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तो एका उपाहारगृहात काम करीत असे. रात्री शटर ओढून घेताना टोळक्याने त्याला दुसराच कोणी समजून त्याच्यावर कोयत्याने वार केले. डोके वाचवण्यासाठी त्याने हात वर धरला आणि वार मनगटाच्या वर बसला. तुटलेले स्नायूबंध जोडण्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली. तो ड्रेसिंगसाठी येई तेव्हा बाकावर कधीच मध्ये बसत नसे. पाठीमागे भिंत असेल अशी जागा रिकामी होईपर्यंत उभा राही. एकदा वॉर्डातील मावशींच्या हातून स्टीलचा ट्रे पडला, तेव्हा हा ताडकन उठून दारापर्यंत गेला आणि मग सगळे आपल्याकडे पाहत आहेत हे लक्षात येऊन खाली मान घालून परत आला. त्याच्या आईने सांगितले, की पहाटेपर्यंत त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही आणि शटरचा आवाज आला की त्याला घाम फुटतो. पुढे आरोपींच्या ओळख परेडसाठी त्याला येरवडा कारागृहात बोलावले. तेथून आल्यावर दोन घास जेवणेही त्याला जमेना. काम तर त्याने केव्हाच सोडले होते. त्याच्या केसपेपरवरची शेवटची नोंद अशी होती, की जखम कोरडी आहे, टाके काढले, बोटांची हालचाल समाधानकारक. त्याच इमारतीत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग चालत होता. तिकडे जाण्याची चिठ्ठी त्याला कोणी दिली नव्हती, कारण ती देणे हे कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हते.

त्याचे दचकणे, न झोपणे, रस्ता बदलून जाणे यांत भित्रेपणा काहीच नाही. जीव जाण्याची वेळ आल्यानंतर मेंदू काही काळ धोक्याच्या तयारीतच राहतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे जवळजवळ प्रत्येकाला होते आणि बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू ओसरते. अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम, एड्ना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध केला. घटनेनंतर साधारण बारा-तेरा दिवसांनी ९४ टक्के स्त्रियांमध्ये, डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात त्या, आघातानंतर मनात ताण आणि भीती मुरण्याच्या विकाराची लक्षणे होती. तीन महिन्यांनंतर हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले होते. या दोन आकड्यांत आपल्या शहराने काय करावे याचे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. निम्म्याहून अधिक जणी घरच्यांच्या आणि काळाच्या मदतीने सावरल्या. राहिलेल्यांचे दुखणे मात्र मुरले, आणि त्या कोण, हे पहिल्या दिवशी कोणालाही सांगता आले नसते. ते कळण्यासाठी त्या पहिल्या आठवड्यांत कोणीतरी त्यांच्या संपर्कात असावे लागते. आपल्याकडे नेमका हाच काळ जबाब, पंचनामा, वैद्यकीय तपासणी आणि पोलीस ठाण्याच्या खेपा यांत निघून जातो, आणि दोन-तीन वर्षांनी साक्षीची तारीख पडते तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसाला काही आठवत नाही किंवा आठवले की बोलवत नाही म्हणून सगळे त्याच्यावर चिडतात.

लवकर मदत म्हणजे लवकर बोलते करणे, असा समज असेल तर तो आधी दूर करायला हवा. हा समज चांगल्या मनाच्या माणसांमध्येच जास्त असतो. शेजारणी येतात, नातेवाईक येतात, एखादा हौशी समुपदेशक येतो आणि प्रत्येक जण सांगतो, की एकदा सगळे बोलून मोकळी हो. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी अग्निशामक दलासारख्या आपत्कालीन सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी मांडलेली, घटनेनंतर काही दिवसांतच तिचा सगळा तपशील एका बैठकीत बोलून घेण्याची पद्धत पुढे जगभर पीडितांवरही वापरली गेली. ब्रिटनमध्ये जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर तिची पाहणी केली, तिचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. तेरा महिन्यांनंतर अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांना पीटीएसडी होता. न झालेल्यांत तो ९ टक्के होता. त्यानंतर अनेक पाहण्यांचा एकत्रित विचार होऊन ही पद्धत सरसकट वापरू नये, असा सल्ला दिला जाऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत असेही सांगितले आहे, की पहिल्या महिन्यातील आघाताच्या लक्षणांवर उपाय म्हणून प्रौढांना बेन्झोडायझेपीन गटातील गोळ्या देऊ नयेत. आपल्याकडे रात्री झोप नाही म्हटले की याच गटातील गोळी घरातल्या कोणाच्या तरी डब्यातून सहज काढून दिली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मग पहिल्या दिवसांत करायचे काय? याच संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली, तिचा गाभा पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे असा आहे. माणूस सुरक्षित जागी आहे ना, घरी पोहोचवणारे कोणी आहे ना, त्याने काही खाल्ले का, रक्ताचे कपडे बदलायला मिळाले का, मोबाईल जप्त झाला असेल तर घरी कळवायची सोय झाली का, हे पाहायचे. तो बोलला तर ऐकायचे. नाही बोलला तर खोदून विचारायचे नाही. पुढे काय होणार आहे, उद्या कोणते पोलीस येतील, न्यायवैद्यक तपासणीत काय करतील, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगायचे, कारण पुढचे काहीच माहीत नसणे हा त्या अवस्थेतला फार मोठा छळ असतो. झोप न येणे, दचकणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे हे अशा प्रसंगानंतर होतेच, वेड लागलेले नाही, एवढे एक वाक्य एखाद्या जबाबदार माणसाने शांतपणे सांगितले तरी चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला आहे. मग आठवड्याने एक फोन, पंधरवड्याने दुसरा, आणि महिना होत आला की नीट तपासणी. त्या वेळीही त्रास कायम असेल, किंवा मधल्या काळात तो असह्य झाला असेल, तर प्रशिक्षित तज्ज्ञाकडे उपचार सुरू करायचे. हे उपचार वर्षानुवर्षे चालतात असे नाही. ऑस्ट्रेलियात रिचर्ड ब्रायंट यांनी अपघातग्रस्तांवर केलेल्या १९९८ च्या अभ्यासात अवघ्या पाच सत्रांचे आघातकेंद्री, म्हणजे त्या घटनेच्या आठवणी आणि भीती यांवरच काम करणारे, उपचार दिले होते. सहा महिन्यांनंतर ते घेतलेल्यांपैकी १७ टक्के आणि केवळ आधाराचे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६७ टक्के लोकांना पीटीएसडी राहिला होता. तो अभ्यास चोवीसच रुग्णांचा होता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु वेळेवर दिलेली योग्य प्रकारची मदत आणि नुसता धीर यांत फरक आहे, एवढे तो दाखवतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत स्वारगेट बसस्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर तिने आरडाओरडा का केला नाही, प्रतिकार का केला नाही, याची जाहीर चर्चा या शहराने ऐकली. ती चर्चा ऐकून माझा जीव कळवळला, कारण तशाच अनुभवातून गेलेल्या आणि कोणालाही न सांगता राहिलेल्या कितीतरी जणी त्या वेळी बातम्या पाहत असणार. स्टॉकहोममधील बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचे सांगितले. हात हलत नाही, तोंडातून आवाज फुटत नाही, अशी ती अवस्था. ती इच्छेवर अवलंबून नसते. याच स्त्रियांना पुढे पीटीएसडी आणि तीव्र नैराश्य होण्याचे प्रमाणही जास्त आढळले. म्हणजे जिला सर्वांत आधी मदत पोहोचायला हवी, तिच्याच वाट्याला आपल्याकडे सर्वांत आधी संशय येतो. पहिला जबाब नोंदवणाऱ्या अंमलदाराला, तपासणी करणाऱ्या निवासी डॉक्टरला आणि सार्वजनिक पदावरून बोलणाऱ्या प्रत्येकाला एवढी गोष्ट माहीत असणे हासुद्धा मानसिक आधाराचाच भाग आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

आपल्याकडे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. लैंगिक अत्याचार आणि आम्लहल्ल्यातील पीडितांसाठी महाराष्ट्राने २०१३ साली मनोधैर्य योजना आणली, पुढे तिच्यातील मदतीची मर्यादा दहा लाखांपर्यंत वाढवली, आणि तिच्या उद्देशांत समुपदेशनाचा स्पष्ट उल्लेख आहे. हिंसापीडित स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणारी केंद्राची सखी वन स्टॉप सेंटर योजना २०१५ पासून आहे. पुणे पोलिसांचा, महिला आणि मुलांच्या मदतीसाठीचा भरोसा सेल आहे. बालकांसाठी पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत तपासात आणि खटल्यात सोबत राहणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद आहे. या सर्व ठिकाणी मनापासून काम करणारी माणसे मी पाहिली आहेत. मात्र मनोधैर्य योजनेत लोकांच्या लक्षात राहतो तो धनादेश. आणि दुसरी अडचण अशी, की या सर्व सोयी पीडित स्त्री आहे की बालक आणि गुन्हा कोणत्या कलमाखालचा, यावर ठरतात. वर सांगितलेला तरुण यांपैकी कशातच बसत नाही. खून झालेल्या मुलाच्या आईला शवविच्छेदनगृहाबाहेर पंचनाम्यावर सही करायला सांगतात आणि मृतदेह ताब्यात देतात. तिच्याकडे त्यानंतर कोणी जात नाही, गेले तर तपासी अंमलदार पुरवणी जबाबासाठी जातात. मंगळसूत्र ओढताना फरफटत गेलेल्या सत्तरीच्या आजींचे खरचटलेले गुडघे आठ दिवसांत बरे होतात, पण त्या पुन्हा एकट्या पर्वतीवर जात नाहीत, मग मंडईत जात नाहीत, मग खाली सोसायटीच्या बाकावरही येत नाहीत. घरचे म्हणतात, वय झाले. वय आदल्या दिवशीही तेवढेच होते.

या शहरातला आणखी एक वर्ग मला विशेष काळजीचा वाटतो. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांमध्ये कॉटबेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी, मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली हजारो मुले-मुली येथे आहेत. आयटीतली आहेत, डिलिव्हरीचे काम करणारी आहेत. रात्री अडवून मोबाईल आणि पैसे लुटले, गळ्याला चाकू लावला, पाठलाग केला, असे काही घडले तर यांतले अनेक जण घरी कळवत नाहीत. मुलीला भीती असते, की हे कळले तर वडील दुसऱ्या दिवशी येऊन सामान बांधायला लावतील. मुलाला वाटते, की गावी हसतील. खोलीतले सोबती दोन दिवस विचारपूस करतात आणि मग परीक्षेच्या मागे लागतात. घर हाच ज्या समाजात मानसिक आधाराचा मुख्य आधारस्तंभ मानला जातो, तेथे घरापासून दूर असलेल्या या तरुणांसाठी दुसरी काही सोय उभी करणे हे पुण्याचे कर्तव्य आहे, कारण शहराची बरीच उलाढाल त्यांच्या जिवावर चालते.

कायद्याचे दार उघडे आहे, हे येथे मुद्दाम सांगायचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९६ पीडितांच्या भरपाईविषयी आहे; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ३५७अ होते. त्यातील सहावे पोटकलम वाचावे. पीडिताच्या यातना कमी करण्यासाठी, पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावरून, तातडीचे प्रथमोपचार किंवा वैद्यकीय लाभ विनामूल्य देण्याचा, तसेच योग्य वाटेल असा इतर अंतरिम दिलासा देण्याचा आदेश राज्य किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण काढू शकते. यात पीडित स्त्री की पुरुष असा भेद नाही. गुन्हा सिद्ध होण्याची वाट पाहण्याची अट नाही. आणि २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक देण्याचे बंधन घातलेले असताना, या पोटकलमातील वैद्यकीय लाभात मानसोपचार येत नाहीत, असे कोणाला म्हणता येणार नाही. माझ्या नोकरीच्या काळात जुन्या कलमाखाली मनावरच्या उपचारांसाठी काढलेले असे एकही प्रमाणपत्र माझ्या टेबलावर आले नाही. ठाणे अंमलदारांना दोष देण्याचे कारण नाही. छापील नमुना हाती नसेल, आणि प्रमाणपत्र देऊन माणसाला कोठे पाठवायचे तेच ठरलेले नसेल, तर ते तरी काय करणार?

जर्मनीने हीच अडचण कायदा करून सोडवली. बर्लिनमध्ये २०१६ च्या डिसेंबरात नाताळच्या बाजारावर झालेल्या हल्ल्यानंतर पीडितांना आणि मृतांच्या नातेवाइकांना सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले, त्यावर तेथे मोठी टीका झाली. २०१९ मध्ये पीडितांच्या भरपाईचा नवा कायदा झाला. त्याची मुख्य अंमलबजावणी १ जानेवारी २०२४ पासून सुरू झाली, परंतु हिंसक गुन्ह्यांतील पीडितांसाठी रुग्णालयांशी जोडलेल्या आघात-बाह्यरुग्ण विभागांत तातडीचे उपचार मिळण्याचा हक्क तीन वर्षे आधीच, १ जानेवारी २०२१ पासून, लागू करण्यात आला. प्रौढांना पंधरापर्यंत आणि मुलांना अठरापर्यंत सत्रे मिळतात. भरपाईच्या अर्जावर निर्णय होण्यापूर्वीच पहिली सत्रे सुरू होतात. मृतांचे नातेवाईकही त्यात येतात. भरपाईची रक्कम ठरायला वेळ लागतो आणि मन तेवढा वेळ थांबत नाही, हे ओळखून दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आपण जर्मनीएवढे श्रीमंत नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे. पण पुण्याइतकी अनुकूलता असलेली शहरे महाराष्ट्रात फार नाहीत. ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच परिसरात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, कर्वे समाजसेवा संस्थेसारख्या ठिकाणी समाजकार्याचे विद्यार्थी तयार होतात. पोलिसांच्या शेजारी बसून समाजसेवकाने काम करणेही राज्याला नवीन नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ सालीच सुरू केला होता, आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दिलासा केंद्राने रुग्णालयाच्या आत हिंसापीडित स्त्रियांसाठी काय करता येते ते पंचवीसेक वर्षांपूर्वी दाखवून दिले. हेच काम सर्व हिंसक गुन्ह्यांतील पीडितांपर्यंत वाढवायचे आहे. सुरुवातीला एका सार्वजनिक रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पीडितांसाठी वेगळी ओपीडी, तिचा वेगळा दरवाजा किंवा निदान वेगळी वेळ, एक मानसोपचारतज्ज्ञ, आघातावरील उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले दोन-तीन चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि फोन करून पाठपुरावा करणारे समाजसेवक एवढ्यावर भागेल. प्रथम माहिती अहवालाची प्रत पीडिताला विनामूल्य द्यावीच लागते. तिच्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी, तिच्यावर त्या ओपीडीचा पत्ता, वेळ आणि एक नंबर असावा. आणि पीडिताने होकार दिला तर ठाण्यातूनच त्याचा नंबर समाजसेवकाकडे जावा, म्हणजे पहिला फोन व्यवस्थेने करायचा. चिठ्ठी खिशात ठेवून स्वतःहून ओपीडीची पायरी चढणे हे त्या दिवसांत फार थोड्यांना जमते. लाज वाटते, रजा मिळत नाही, मानसोपचार म्हटले की घरचे बिचकतात, आणि टाळणे हेच तर त्या दुखण्याचे एक लक्षण आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो वकील मंडळींकडून येतो. उपचारांची कागदपत्रे न्यायालयात मागवली जातील, समुपदेशकाने साक्षीदाराला पढवले असा बचाव घेतला जाईल, किंवा फिर्यादीच मानसिक रुग्ण आहे असे म्हणून तिची साक्ष उडवली जाईल, अशी भीती ते व्यक्त करतात. ही भीती खोटी नाही. पण तिचा अर्थ, खटला संपेपर्यंत माणसाला उपचारांवाचून ठेवावे, असा होऊ शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क आहे. त्याच्या जोडीला उपचार करणाऱ्याने घटनेच्या पुराव्याविषयी काय विचारायचे नाही आणि काय लिहायचे नाही, जबाब नोंदवणारा आणि उपचार करणारा यांची सरमिसळ कशी टाळायची, याचा लेखी आराखडा विधी सेवा प्राधिकरण, सरकारी अभियोक्ते आणि मानसोपचार विभाग यांनी एकत्र बसून करावा. ज्याची झोप परतली आहे, न्यायालयाच्या आवारात आरोपीचे नातेवाईक दिसले तरी ज्याचे पाय जागच्या जागी लटपटत नाहीत, तो साक्षीदार खटल्यालाही उपयोगी पडतो, हे कोणताही अनुभवी अभियोक्ता मान्य करील.

शेवटी आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्रांकडे, दोन मागण्या आहेत. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने बंदी आहे आणि आपण ती पाळता. कोयत्याच्या हल्ल्यातील माणसाला मात्र असे संरक्षण नाही, आणि सीसीटीव्हीतले त्याच्यावरील वार वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर आणि वाहिन्यांवर दिवसभर फिरतात. तो रुग्णालयातून घरी येतो तेव्हा सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, कामाच्या ठिकाणच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला स्वतःवरचा हल्ला पुन्हा पाहावा लागतो. त्याची आई तो पाहते, शाळेतली भावंडे पाहतात. पोलिसांना आरोपी ओळखण्यासाठी चित्रफीत हवी असेल तर आरोपीचा चेहरा दाखवावा. वार दाखवण्याचे कारण नाही. दुसरी मागणी सोपी आहे. अशा प्रत्येक बातमीच्या खाली आपण एक छोटी चौकट छापावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. महिलांसाठी १८१ आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. आणि भरपाई किंवा विनामूल्य उपचारांसाठी शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करता येतो. पोलीस आयुक्त, ससूनचे अधिष्ठाता आणि प्राधिकरणाचे सचिव यांनाही या पत्राची प्रत पाठवीत आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक,
सहकारनगर, पुणे